शंभरातले तेरा : डॉ. डॉनल थॉमस आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण

एखाद्या शास्त्रज्ञावर बोलायचं म्हटलं की आपण साधारणपणे त्याच्या यशापासून सुरू करतो. आज मी उलटं करणार आहे. आज एका अपयशापासून सुरुवात करू.

सप्टेंबर १९५७. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकेतल्या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला. सहा रुग्ण होते. सगळे अत्यवस्थ. त्यांना किरणोपचार आणि औषधं दिली आणि मग दुसऱ्या माणसाच्या हाडातली मज्जा शिरेतून चढवली. सहापैकी दोघांत परकी मज्जा थोडा काळ रुजल्याची चिन्हं दिसली. शंभर दिवसांच्या आत सहाही जण गेले. निबंधाचा निष्कर्ष थोडक्यात एवढाच, की मज्जा शिरेतून दिली तर माणूस त्यानेच मरत नाही, आणि कधीकधी ती रुजते.

या निबंधाचे पहिले लेखक होते डॉ. ई. डॉनल थॉमस. तेहतीस वर्षांनी, १९९० मध्ये, याच कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. आज मला जे सांगायचंय ते या तेहतीस वर्षांमधलं आहे. त्यातही दोन निर्णय मला फार महत्त्वाचे वाटतात. एक थांबण्याचा आणि एक पुढे जाण्याचा. त्यातला दुसरा जास्त अवघड होता.

पण आधी मज्जा म्हणजे काय ते बघू. इथे मटण खाणारे लोक असतील तर त्यांना वेगळं सांगायला नको. रश्शातली नळी ताटात ठोकून आपण जे बाहेर काढतो, ज्याच्यासाठी घरात भांडणं होतात, ती मज्जा. माणसाच्या बाबतीत हा रक्ताचा कारखाना आहे. मोठ्या माणसात तो मुख्यतः कमरेची हाडं, मणके, बरगड्या, छातीचं मधलं हाड यांत चालू असतो. तांबड्या पेशी सुमारे चार महिने जगतात. म्हणजे झीज सतत भरून काढावी लागते. त्यासाठी आपली मज्जा रोज अंदाजे वीस हजार कोटी नव्या तांबड्या पेशी तयार करते. मी हे वाक्य बोलेपर्यंत एक-दोन कोटी झाल्यासुद्धा! पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स आणखी वेगळ्या. आणि हा सगळा पसारा ज्यांच्यातून निघतो त्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल्स, मज्जेत अगदी थोड्या असतात. विरजणासारखं समजा. चमचाभर असलं तरी पातेलंभर दही लागतं, आणि त्यातलाच चमचा उद्यासाठी उरतो.

हे विरजण मेलं तर? हा प्रश्न जगापुढे नीट उभा राहिला तो हिरोशिमा-नागासाकीनंतर. स्फोटातून वाचलेली माणसं काही आठवड्यांनी मरत होती. कोणाला रक्तस्राव, कोणाला जंतुसंसर्ग. किरणांनी मज्जा मारली होती. मग उंदरांवर प्रयोग सुरू झाले. १९४९ मध्ये शिकागोत लिऑन जेकबसन यांनी उंदरांना मारक मात्रेचे किरण दिले, पण प्लीहा तेवढी शिशाने झाकून ठेवली. उंदरांची प्लीहाही रक्त बनवते. ते उंदीर जगले. दोन वर्षांनी लोरेन्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की किरण दिल्यावर दुसऱ्या उंदराची मज्जा टोचली तरी प्राणी वाचतात. यात एखादं संप्रेरक काम करतंय की पेशी, यावर बराच वाद झाला. पन्नाशीच्या मध्यावर तो मिटला. नव्या रक्तातल्या पेशींवर दात्या उंदराची खूण सापडली. म्हणजे पेशीच जाऊन बसत होत्या आणि रक्त बनवत होत्या.

हे वाचून ज्या तरुण डॉक्टरांची झोप उडाली त्यांत थॉमस होते.

जन्म १९२० चा, टेक्सासमधल्या मार्ट नावाच्या छोट्या गावातला. वडील गावात डॉक्टरकी करायचे. ऑस्टिनला रसायनशास्त्र शिकताना एकदा तिथे बर्फ पडलं, आणि टेक्सासमध्ये ते काही रोज पडत नाही. एका मुलीने बर्फाचा गोळा करून मारला तो नेमका यांच्या तोंडावर बसला. ती डॉटी मार्टिन. १९४२ मध्ये दोघांनी लग्न केलं. ती पत्रकारिता शिकत होती. नवरा हार्वर्डला वैद्यकीय शिक्षणासाठी गेला तेव्हा तिने आपलं क्षेत्र सोडलं आणि लॅबोरेटरी टेक्निशियनचं प्रशिक्षण घेतलं. पुढे आयुष्यभर दोघं एकत्र काम करत राहिले. रुग्णांच्या नोंदी, प्रयोगशाळेचा कारभार, शोधनिबंधांचं संपादन हे सगळं तिच्याकडे. थॉमस यांना या क्षेत्राचे जनक म्हणतात, तर मग डॉटी जननी, असं त्यांचे समव्यवसायी म्हणत. नोबेल मात्र एकालाच मिळालं. असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

१९५५ मध्ये थॉमस बोस्टन सोडून न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाऊनला गेले. अमेरिकन माणसाला हे गाव माहीत असतं ते बेसबॉलच्या संग्रहालयामुळे. तिथल्या मेरी इमोजीन बॅसेट रुग्णालयात डॉ. जोसेफ फेरेबी यांच्याबरोबर त्यांनी काम सुरू केलं. मघाचा सहा रुग्णांचा निबंध तिथला.

आता १९५९ चा प्रयोग बघा. माझ्या मते विचारांची स्वच्छता कशाला म्हणतात ते इथे दिसतं. ल्युकेमिया झालेली दोन मुलं होती, आणि दोघांनाही एकसारखं जुळं भावंड होतं. एकसारखी जुळी म्हणजे शरीराच्या दृष्टीने एकच माणूस दोनदा. परकेपणाचा प्रश्नच नाही. या मुलांना संपूर्ण शरीरावर मारक मात्रेचे किरण दिले, आणि मग जुळ्या भावंडाची मज्जा दिली. काही आठवड्यांत रक्तपेशी वर आल्या. मुलं घरी गेली. काही महिन्यांत ल्युकेमिया परत आला.

बाहेरून पाहिलं तर आणखी एक अपयश. पण या अपयशाने एका मोठ्या प्रश्नाचे दोन तुकडे केले. पहिला तुकडा : इतके किरण देऊनही मज्जा देऊन माणसाला परत उभं करता येतं का? येतं. हे सिद्ध झालं. दुसरा तुकडा : किरणांनी ल्युकेमियाची शेवटची पेशी मरते का? नाही मरत, निदान या दोघांत मेली नाही. आणि तिसरा प्रश्न तसाच राहिला. ज्यांना जुळं भावंड नाही, म्हणजे जवळपास सगळेच, त्यांचं काय?

या तिसऱ्या प्रश्नाने पुढची दहा वर्षं खाल्ली.

मूत्रपिंड बसवताना काळजी एकाच दिशेची असते, की शरीर परकं मूत्रपिंड नाकारेल. मज्जेत दोन दिशांची लढाई आहे. रुग्णाचं शरीर मज्जा नाकारू शकतंच. पण मज्जा म्हणजे तरी काय? तीच तर पांढऱ्या पेशींचा, म्हणजे फौजेचा कारखाना. दात्याची फौज रुग्णाच्या शरीरात उतरते, आजूबाजूला बघते, आणि तिला सगळंच परकं दिसतं. त्वचा परकी, यकृत परकं, आतडी परकी. ती हल्ला चढवते. पाहुणा घरात येऊन यजमानालाच मारायला उठतो. याला 'ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट' आजार म्हणतात, थोडक्यात जीव्हीएचडी. अंगावर पुरळ, कातडी सोलवटणं, कावीळ, न थांबणारे जुलाब. उंदरांत हे आधी दिसलं होतं. माणसांत दिसलं तेव्हा ते फार भयंकर निघालं.

१९५८ मध्ये युगोस्लाव्हियातल्या विंचा इथल्या अणुभट्टीत अपघात झाला. किरणं लागलेल्या सहा जणांना पॅरिसला नेलं. जॉर्ज माते यांनी त्यांतल्या पाच जणांना मज्जा दिली. एक दगावला, बाकीचे वाचले. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला, आणि जगभर अनेक ठिकाणी डॉक्टर मज्जा देऊ लागले. पुढच्या दहाएक वर्षांत दोनशेच्या आसपास प्रत्यारोपणं झाल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यांतली जवळपास सगळी फसली. एक तर मज्जा रुजली नाही, किंवा रुजली आणि रुग्णाला जीव्हीएचडीने मारलं, किंवा मूळ आजाराने. साठीच्या मध्यापर्यंत बहुतेकांनी हा नाद सोडला. माणसाच्या बाबतीत हे होणे नाही, असं मोठमोठे लोक म्हणू लागले.

थॉमस यांचा पहिला निर्णय इथला. इतरांच्याही आधी त्यांनी स्वतःचं अपयश ओळखलं होतं, आणि जुळ्यांखेरीज माणसांवरचं काम त्यांनी जवळपास थांबवलं. मरणाऱ्या रुग्णाकडे काहीतरी करून बघू, नाहीतरी तो जाणारच आहे, ही फार मोहात पाडणारी वाट असते. ती त्यांनी सोडली. पण प्रश्न सोडला नाही. ते कुत्र्यांकडे वळले.

कुत्रेच का? प्रयोगशाळेतले उंदीर पिढ्यान्पिढ्या नात्यात प्रजनन करून जवळजवळ एकसारखे केलेले असतात. माणसं तशी नसतात. कुत्रीही नसतात. शिवाय एका वेताला पाच-सहा पिल्लं होतात, म्हणजे भावंडांचा अभ्यास होतो. कुत्र्यांना लिम्फोमासारखे कर्करोग आपोआप होतात, तेही माणसासारखं. कूपर्सटाऊनला आधी त्यांनी कुत्र्याचीच मज्जा काढून ठेवली, मारक किरण दिले आणि तीच मज्जा परत दिली. कुत्री जगली. दुसऱ्या कुत्र्याची मज्जा दिली की बहुतेक मरत. पण सगळी नाही. एका वेताच्या भावंडांमध्ये काही जोड्या अशा निघाल्या की त्यांत कुत्रा वर्षानुवर्षं जगला. माझ्या मते सगळी पुढची गोष्ट या 'काही जोड्यां'त आहे. अशा अपवादाला नशीब म्हणून सोडून देता येतं. यांनी विचारलं, या जोड्यांत सारखं काय आहे?

१९६३ मध्ये ते सिएटलला, वॉशिंग्टन विद्यापीठात गेले. तिथे रॉबर्ट एपस्टाईन, रायनर स्टॉर्ब असे तरुण सहकारी मिळाले. फ्रान्समध्ये जाँ डॉसे यांनी १९५८ मध्ये पांढऱ्या पेशींवरच्या ओळखखुणांपैकी पहिली शोधली होती. आज आपण त्या खुणांच्या गटाला एचएलए म्हणतो. कुत्र्यांमध्ये तशाच खुणा ओळखण्याची पद्धत सिएटलच्या गटाने तयार केली. खुणा जुळणारी भावंडं निवडली, आणि प्रत्यारोपणानंतर मेथोट्रेक्सेट हे औषध थोड्या मात्रेत देऊन पाहुण्या फौजेला आवर घातला. आता बहुसंख्य कुत्री जगू लागली. म्हणजे मघाचा अपवाद नियम झाला.

भावंडांचंच महत्त्व का, ते पटकन सांगतो. एचएलएच्या खुणांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. आईकडे दोन संच, वडिलांकडे दोन. मुलाला प्रत्येकाकडचा एक. चार शक्यता झाल्या. त्यामुळे सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. एकच भावंड असेल तर पंचवीस टक्के. दोन असतील तर चव्वेचाळीस, तीन असतील तर अठ्ठावन्न. आपल्याकडे आता 'हम दो हमारा एक' झालंय, तेव्हा हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागेल. आई-वडील स्वतः मात्र साधारणपणे निम्मेच जुळतात.

१९६८ मध्ये मिनिआपोलिसला रॉबर्ट गुड यांनी जन्मतःच रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या एका बाळाला बहिणीची मज्जा देऊन वाचवलं. १९६९ मध्ये सिएटलचा गट ल्युकेमियाच्या रुग्णांकडे परत आला, या वेळी जुळणाऱ्या भावंडांची मज्जा घेऊन. आणि या वेळी फक्त मज्जा नव्हती. प्लेटलेट्स देण्याची सोय होती, चांगली अँटिबायोटिक्स होती, आणि कसलेल्या परिचारिका होत्या. थॉमस यांनी परिचारिकांना कायम आपल्या पथकाचा कणा मानलं. रुग्णाच्या छातीतल्या मोठ्या शिरेत महिनोन्महिने ठेवायची जी नळी असते, तिला आजही कॅन्सरच्या वॉर्डांत 'हिकमन' म्हणतात. ती याच सिएटलमधल्या डॉ. रॉबर्ट हिकमन यांची.

प्रत्यक्ष प्रत्यारोपण दिसायला इतकं साधं असतं की नातेवाईकांना वाटतं, एवढंच? दात्याला भूल देऊन कमरेच्या हाडातून जाड सुईने मज्जा काढायची. मोठ्या माणसासाठी साधारण लिटरभर. ती गाळायची, पिशवीत भरायची आणि रक्त चढवतात तशी शिरेतून चढवायची. पेशी आपला रस्ता आपण शोधतात आणि हाडांत जाऊन बसतात. मग वाट बघायची. दोन ते चार आठवडे रुग्णाच्या रक्तात पांढऱ्या पेशी नसल्यातच जमा असतात. साधं तोंडातलं व्रण जिवावर बेतू शकतं. रोज सकाळी रक्ताचा रिपोर्ट येतो आणि सगळे आकड्याकडे डोळे लावून बसतात.

आता शंभरातले तेरा. १९७७ मध्ये सिएटलच्या गटाने शंभर रुग्णांचा हिशेब जाहीर केला. सगळे तीव्र ल्युकेमियाचे, सगळ्यांवरची औषधं हरलेली. केमोथेरपी, संपूर्ण शरीराला किरण, आणि मग जुळणाऱ्या भावंडाची मज्जा. शंभरातले तेरा जण एक ते साडेचार वर्षांनंतर जिवंत होते, कोणत्याही ल्युकेमियाच्या औषधाशिवाय, आजाराची खूण नसलेले.

तेरा टक्के. तुम्ही म्हणाल, यात काय ते मोठं? नव्वदच्या जवळ माणसं गेलीच की. पण त्या शंभरांतला प्रत्येकजण काही आठवड्यांत जाणार होता. आणि आलेखाचा आकार बघा. किती रुग्ण जिवंत आहेत याची रेषा जिन्यासारखी खाली खाली उतरते, आणि एका ठिकाणी आडवी होते. त्यानंतर उतरतच नाही. आयुष्य थोडं लांबवणाऱ्या उपचाराची रेषा अशी दिसत नाही. ती हळूहळू शून्याला टेकते. रेषा आडवी होणं याचा अर्थ, ती माणसं बरी झाली. ल्युकेमियाच्या शेवटच्या टप्प्यावरून कोणी बरं होऊन परत आल्याचं तोपर्यंत फारसं कोणी पाहिलंच नव्हतं.

मग दुसरा निर्णय. या हिशेबातून एक गोष्ट सरळ निघत होती. उपचार इतक्या उशिरा केला म्हणून शंभरात तेरा. शरीर थकलेलं, संसर्ग आधीच आत, ल्युकेमियाच्या पेशी औषधांना सरावलेल्या. हेच आधी केलं तर? म्हणजे पहिल्या केमोथेरपीने आजार दबला आहे, रुग्ण चालता-फिरता आहे, घरी जेवतोय, तेव्हा केलं तर?

हे तर्काने सोपं आहे. पण समोर बसलेल्या माणसाच्या दृष्टीने बघा. रक्त सुधारलंय, केस परत यायला लागलेत, कामावर जायचं म्हणतोय. त्याला सांगायचं की आम्ही तुझी मज्जा किरणांनी संपूर्ण मारून टाकतो आणि तुझ्या बहिणीची भरतो. यातच तू दगावू शकतोस, आणि ती शक्यता काही लहान नाही. नाही केलं तर? बहुतेकांचा आजार वर्षा-दोन वर्षांत परत यायचा. पण बहुतेकांचा, सगळ्यांचा नाही. म्हणजे काहीही न करता वाचला असता असा एखादाही उपचाराने मरणार, आणि तो कोण हे कधीच कळणार नाही. मरणाऱ्यावर शेवटचा उपाय करणं आणि बऱ्या दिसणाऱ्याला धोक्यात घालणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत डॉक्टरला कोणी दोष देत नाही.

१९७९ मध्ये त्यांनी तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या एकोणीस रुग्णांचा अनुभव छापला. सगळ्यांना पहिल्या उतारातच, म्हणजे आजार पहिल्यांदा दबलेला असतानाच, मज्जा दिली होती. या टप्प्यावर वाचणाऱ्यांचं प्रमाण तेरावरून पन्नासच्या आसपास गेलं. जगभरच्या केंद्रांनी मग हाच रस्ता धरला. मला विचाराल तर नोबेल या निर्णयासाठी होतं, कागदावर काहीही लिहिलेलं असो.

त्याच वर्षी त्याच गटातून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि तिने १९५९ च्या जुळ्यांचं कोडं सोडवलं. आठवतंय ना, जुळ्याची मज्जा छान रुजली पण ल्युकेमिया परत आला. आता बऱ्याच रुग्णांची तुलना करता आली तेव्हा दिसलं, की ज्यांना जीव्हीएचडी होतो त्यांच्यात ल्युकेमिया परत येण्याचं प्रमाण कमी आहे. जुळ्यांमध्ये ते जास्त आहे. म्हणजे परकी फौज यजमानावर उठते खरी, पण घरात लपलेल्या चोरालाही तीच शोधून मारते. इतकी वर्षं सगळे समजत होते की ल्युकेमिया किरण आणि औषधं मारतात, मज्जा फक्त नंतरची डागडुजी करते. प्रत्यक्षात मज्जाच अर्धं औषध होती. पुढे काहींनी दात्याच्या मज्जेतल्या टी पेशी गाळून बघितल्या. जीव्हीएचडी घटला, ल्युकेमिया परत येऊ लागला. या ज्ञानावरच नव्वदीच्या दशकात स्टॉर्ब आणि इतरांनी सौम्य तयारीची प्रत्यारोपणं उभी केली. किरण अगदी थोडे, मुख्य काम दात्याच्या फौजेवर सोपवलेलं. त्यामुळे साठी-सत्तरीच्या रुग्णांनाही हा उपचार मिळू लागला.

आणि आता मुंबई. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात मार्च १९८३ मध्ये भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी, आणि मज्जा तिच्या भावाची. करणारे डॉ. सुरेश अडवाणी. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ते व्हीलचेअर वापरतात. शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, आणि प्रत्यारोपणाचं प्रशिक्षण कुठे? सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रात. १९७५ पासून थॉमस यांचं पथक तिथेच होतं. कूपर्सटाऊनच्या कुत्र्यांपासून परळपर्यंतचा रस्ता असा सरळ आहे.

थॉमस ऑक्टोबर २०१२ मध्ये गेले, डॉटी २०१५ मध्ये. जगातलं दहा लाखावं रक्त-मूळपेशी प्रत्यारोपण झालं ते डिसेंबर २०१२ मध्ये. दोन महिन्यांनी चुकलं.

माझं बोलणं इथे थांबवतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : मज्जा दिल्याने दात्याला पाठीच्या कण्याचा त्रास होतो, असं ऐकलंय.

उत्तर : हा प्रश्न नेहमी येतो. मज्जा आणि मज्जारज्जू, नावं सारखी, म्हणून घोटाळा होतो. मज्जारज्जू कण्यात असतो, त्याला कोणी हात लावत नाही. मज्जा कमरेच्या हाडातून काढतात. काही दिवस कंबर दुखते, आणि काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. शिवाय आता मोठ्या माणसांच्या बाबतीत बहुतेक वेळा सुईच लागत नाही. दात्याला चार-पाच दिवस एक इंजेक्शन देतात, त्याने मूळपेशी हाडांतून रक्तात उतरतात. मग प्लेटलेट दानासारखं यंत्राला जोडायचं, काही तासांत पेशी वेगळ्या होतात, बाकी रक्त परत अंगात.

प्रश्न : एकुलत्या एक मुलाला गरज पडली तर? तुम्ही मघाशी चारात एक म्हणालात, इथे तर भावंडच नाही.

उत्तर : बरोबर, म्हणून तो हिशेब लक्षात ठेवा म्हटलं. दोन रस्ते आहेत. एक, नात्यात नसलेला दाता. १९७९ मध्ये सिएटललाच ल्युकेमियाच्या एका मुलीला अनोळखी दात्याची मज्जा दिली गेली, आणि त्यातून पुढे अमेरिकेतली दात्यांची राष्ट्रीय नोंदणी उभी राहिली. पण एचएलएच्या खुणा समाजागणिक बदलतात. त्यामुळे भारतीय रुग्णाला जुळणारा दाता भारतीयांतच मिळण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे नोंदणी झालेली माणसं लोकसंख्येच्या मानाने फारच कमी आहेत. दुसरा रस्ता म्हणजे अर्धं जुळणारं प्रत्यारोपण. आई किंवा वडील दाते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने दाखवलं की मज्जा दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड दिलं, तर यजमानावर सर्वांत जोरात उठलेल्या टी पेशी मरतात आणि मूळपेशी वाचतात. औषध जुनं आणि स्वस्त आहे. भारतात हा मार्ग आता बऱ्याच केंद्रांत वापरतात.

प्रश्न : मग बाळाच्या नाळेचं रक्त पैसे भरून साठवून ठेवावं का? आम्हाला एजंटचे फोन येतात.

उत्तर : नाळेच्या रक्तात मूळपेशी असतात, हे खरं. १९८८ मध्ये पॅरिसला एलियान ग्लुकमन यांनी ते वापरून पहिलं प्रत्यारोपण केलं. पण ते बहिणीच्या नाळेचं होतं, स्वतःच्या नव्हे. आता आज ऐकलेलं लावून बघा. मुलाला ल्युकेमिया झाला तर त्याचंच रक्त देऊन काय होईल? जुळ्यांचं झालं तेच. परकी फौज नाही, म्हणजे चोर पकडायला कोणी नाही. शिवाय ल्युकेमियाची सुरुवात करणारा बदल कधीकधी जन्माच्या वेळीच त्या रक्तात असू शकतो. थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक आजारात तर दोष नाळेच्या रक्तातही तोच. घरात आधीच थॅलेसेमियाचं मूल असेल आणि दुसरं बाळ येणार असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टरांशी बोलून ते जरूर ठेवावं. बाकी 'जैविक विमा' म्हणून खासगी साठवणूक करण्याची शिफारस आपली वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, करत नाही.

प्रश्न : थॅलेसेमियाचा उल्लेख केलात. त्यातही थॉमस यांचं काम आहे का?

उत्तर : आहे. थॅलेसेमियाच्या एका लहान मुलाला मज्जा देऊन बरं केल्याचं त्यांच्या गटाने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे इटलीत पेसारो इथे लुकारेली यांनी त्यावर फार मोठं काम केलं. त्यांना दिसलं की यकृतात लोह साठून ते खराब व्हायच्या आधी, लहान वयात केलं तर निकाल उत्तम लागतो. पुन्हा तोच प्रश्न बघा, मूल तर बरं दिसतंय, शाळेत जातंय, महिन्याला रक्त चढवलं की खेळतंय. आत्ता करायचं की थांबायचं? आमच्याकडे आई-वडील येतात तेव्हा पहिली भेट जवळजवळ पूर्ण याच प्रश्नावर जाते, आणि बहुतेक वेळा एका भेटीत ठरत नाही. ते घरी जातात, मोठ्यांशी बोलतात, दोन आठवड्यांनी परत येतात.